आमच्या फाटकासमोरची पोटनिवडणूक

आमच्या आमदारांनी राजीनामा दिला ही बातमी मी दाढी करताना ऐकली आणि दाढी करतच राहिलो. आता वाटतं, तसाच फेस लावलेल्या तोंडाने त्यांच्या घरी जायला हवं होतं. पाय धरून सांगायला हवं होतं की साहेब, आमच्या फाटकासमोरचा चर या आठवड्यात बुजणार आहे, तेवढा बुजू द्या, मग काय सोडायचं ते सोडा. आमदारकी सोडा, घरदार सोडा, माझी ना नाही. पण मला काय कल्पना? आमदाराचा राजीनामा ही माझ्या लेखी परदेशातल्या भूकंपासारखी गोष्ट होती. चहा पिता पिता ऐकायची आणि कप विसळून ठेवायचा.

त्यांना म्हणे अंतरात्म्याचा आवाज आला. सकाळी आवाज आला, दुपारी राजीनामा दिला, संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचा हार गळ्यात पडला आणि आता ते त्याच जागेसाठी पुन्हा उभे. माणूस तोच, खुर्ची तीच, मत देणारे आम्ही तेच. मला इतक्या वर्षांत एकदाही अंतरात्म्याचा आवाज आलेला नाही. आला असता तर मी आधी आमच्या मॅनेजरच्या टेबलावर काहीतरी आपटलं असतं.

आमच्या गल्लीत पाण्याची नवी पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं. पाइप टाकून झाला होता, चर बुजवायचा राहिला होता. बाकी लोकांच्या दारात तो अरुंद होता, आमच्या फाटकासमोर मात्र ऐसपैस, कारण तिथे म्हणे पाइपचा जोड आहे. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदार खोदायचं मशीन घेऊन गेला. तो आमदारांचा माणूस होता, पण आता आमदार कोणाचे हेच नक्की नसल्यामुळे आपण कोणाचे हे त्यालाही कळेना. ते कळेपर्यंत निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि चर जिथल्या तिथे राहिला.

मी आणि बायको उडी मारून जायचो. मी विमा कंपनीत दावे तपासतो. वय झालेलं, पोट सुटलेलं, हातात डबा, आणि समोरच्या गॅलरीतून सगळे बघताहेत. रोज सकाळी या अवस्थेत उडी मारणाऱ्या माणसाला ऑफिसात गेल्यावर कोणाचा दावा नामंजूर करायचा अधिकार उरतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचो. तरी मी उडीवर निभावलं असतं. प्रश्न आईचा होता.

आई घसरून पडली होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. ती वॉकर घेऊन घरी आली तेव्हा रस्ता सपाट होता. चर नंतर खणला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं. "आता रोज बाहेर चालल्या, रोज थोडं थोडं वाढवलं, तर पूर्वीसारख्या चालतील. हे पहिले आठवडे गेले की गेले. मग आयुष्यभर खुर्ची." आमचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. कपाट आणि सोफा यांच्यामध्ये वॉकर वळत नाही. स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत जायचं आणि तसंच मागे मागे यायचं, एवढीच आईची वाट. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांना जोडून दिलेलं, त्यामुळे बोलणं मोजकं. आचारसंहिता लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "हे चालणं नाही. मला बाहेर ने."

मी अर्धी रजा टाकून नगरपालिकेत गेलो. तिथले इंजिनियर सभ्य गृहस्थ होते, आणि सभ्य माणसावर ओरडता येत नाही याचा मला अतोनात राग येतो.

"आचारसंहिता आहे," ते म्हणाले. "विकासकाम करता येत नाही."

"खड्डा बुजवणं हा विकास?"

"आपल्याकडे हो."

"पण काम सुरू होतं ना? सुरू असलेलं काम चालतं असं मी ऐकलंय."

"सुरू असेल तर चालतं. हे बंद आहे. बंद पडलेलं सुरू केलं की ते नवीन काम धरतात."

"बंद का पडलं?"

"आता आचारसंहितेमुळेच, नाही का?" ते म्हणाले आणि मला पाणी विचारलं. वर म्हणाले, "तुमचं प्रकरण आमच्या विचाराधीन आहे." हे वाक्य मी दिवसभर लोकांना ऐकवत असतो. ते इतकं लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

चरातून निघालेली माती चराच्या कडेलाच ढीग करून ठेवली होती. मी घरी आलो, बाही सरसावली आणि फावडं हातात घेतलं. लगेच वरच्या मजल्यावरून निवृत्त ओव्हरसियर खाली आले. हे गृहस्थ निवृत्त झाले ते फक्त पगारातून. गल्लीत कुठेही कोणी खिळा ठोकला तरी ते तो सरळ आहे का बघायला येतात.

"हात लावू नका. मातीचं मोजमाप झालेलं नाही. माती हलली तर ठेकेदार म्हणेल, मी दुप्पट काढली होती, यांनी चोरली. तुमच्यावर येईल."

"मग करू काय? आईला पाठीवर घेऊ?"

"फळी टाका. मात्र जाड पाहिजे आणि खाली आडवे पट्टे पाहिजेत. वाकली की गेल्या तुमच्या आई."

समोरच्या शिकवणीवाल्या बाईंचं मत पडलं की फळीपेक्षा वर्तमानपत्रात पत्र लिहावं. पलीकडच्या शिंप्याने सांगितलं की घरच बदलावं. असे सल्ले देणाऱ्यांच्या दारातला चर टिचभर होता हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तशी जाड फळी कुठे मिळेना. शेवटी ओव्हरसियरच म्हणाले, की इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ एक दणकट पाटी पडलेली आहे, खाली लोखंडी चौकट आहे, बघा. बघितली. अगदी मापाची. गेल्या निवडणुकीची प्रचाराची पाटी होती ती. तिच्यावर आमचे आमदार हात जोडून उभे होते, जुन्या पक्षाच्या चिन्हासकट. मी विचार केला, तोंड खाली करून टाकली की कोणाला दिसतंय. मी, बायको आणि ओव्हरसियर, तिघांनी ती ओढत आणली आणि आमदारांना चरावर पालथं घातलं. ओव्हरसियर तिच्यावर तीन वेळा नाचले आणि म्हणाले, "हरकत नाही."

आई वॉकर घेऊन फाटकाशी आली. बायको मागे, मी पुढे, दोन्ही हात पसरून. "बाजूला हो, दिसत नाही," आई म्हणाली आणि पलीकडे गेली. शिंप्याच्या दुकानापर्यंत गेली, थांबली, परत आली. दुसऱ्या दिवशी त्याच्याही पुढे गेली. कोपऱ्यावरची शाळा येईपर्यंत मी चालणार, असं तिने ठरवून टाकलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तिचा पाय वाकवून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, चांगल्या अर्थाने. त्या आठवड्यात मी ऑफिसात दोन दावे मंजूर केले. शिपाई विचारत होता, साहेब बरे आहात ना?

मग भरारी पथक आलं.

गाडीतून एक पथकप्रमुख उतरले, मागून कॅमेरावाला. कोणीतरी तक्रार केली होती की या घरापुढे आमदारांचा विनापरवाना प्रचार चालू आहे. पथकप्रमुख वाकले, पाटीखाली डोकावले आणि समाधानाने सरळ झाले. "उमेदवाराचा फोटो आहे."

"अहो, पालथा आहे. खाली फक्त उंदीर आहेत. त्यांना मत नाही."

"प्रचार कोणत्या दिशेला केला याला महत्त्व नाही. पालथा आहे म्हणजे लपवलाय. हे जास्त गंभीर आहे."

"मग उलटा करू का?"

"करून बघा," असं ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मी पाटीला हात लावला नाही.

तेवढ्यात आमदारांच्या नव्या पक्षाची माणसं मोटारसायकलवरून आली. त्यांचं म्हणणं वेगळंच. आमच्या नेत्याला चिखलात तोंडावर पाडलं आणि वरून लोक चालतात, हा अपमान आहे, गुन्हा नोंदवा. त्यांच्या मागोमाग जुन्या पक्षाची माणसं आली. चेहऱ्याचं त्यांना काहीच नव्हतं, चेहरा खुशाल तुडवा म्हणाले, पण चिन्ह आमचं आहे, चिन्हावर पाय पडता कामा नये. मग चेहऱ्याचे आणि चिन्हाचे आपसात भांडू लागले. चिन्ह चेहऱ्याच्या छातीवरच होतं, त्यामुळे एक वाचवून दुसरं तुडवणं शक्य नव्हतं. मी मध्ये उभा राहून ओरडलो, की माझी आई ना चेहऱ्यावर चालते ना चिन्हावर, ती फळीवर चालते. कोणी ऐकलं नाही. कॅमेरावाल्याने मात्र माझं ओरडणं छान टिपलं.

"तुम्ही कोणत्या पक्षाचे?" पथकप्रमुखांनी विचारलं.

"विमा कंपनीचा."

पंचनामा झाला. पंच म्हणून बायकोची आणि ओव्हरसियरची सही. ओव्हरसियरांनी सही करण्याआधी पाटीची जाडी आणि पट्ट्यांमधलं अंतर लिहून घ्यायला लावलं, म्हणजे पुढे गैरसमज नको. पाटी जप्त करून गाडीच्या टपावर बांधली. गाडी निघाली तेव्हा आमदार हात जोडून आकाशाकडे बघत होते. मला खुलासा करण्याची नोटीस मिळाली आणि यापुढे चरावर कोणतंही साहित्य टाकल्यास कडक कारवाई होईल अशी तंबी. आई खिडकीतून सगळं बघत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे उद्या नाही?"

मी खुलासा लिहिला. चार वेळा लिहिला. पहिल्या खुलाशात शिव्या होत्या, दुसऱ्यात कमी होत्या, तिसऱ्यात बायकोने सापडतील तेवढ्या काढल्या, आणि चौथ्यात काहीच उरलं नाही, म्हणून तोच दिला. शिवाय एका संध्याकाळी मी आणि ओव्हरसियरांनी आईला खुर्चीत बसवून चर ओलांडायचा प्रयोग केला. माझा पाय मातीच्या ढिगावरून घसरला, मी चरात गेलो, खुर्ची ओव्हरसियरांनी कशीबशी धरून ठेवली. आई पांढरी फटक पडली होती. त्यानंतर आम्ही तो प्रयोग केला नाही. शिकवणीवाल्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, की पत्र लिहिलं असतं तर एव्हाना छापून आलं असतं.

दिवस जात राहिले. प्रचाराच्या गाड्या गल्लीतून फिरत राहिल्या. चराच्या कडेने त्या किती सफाईने जात! व्यायामाच्या बाईंनी आता पाय वाकवला की माझ्याकडे बघणं सोडलं. पाय पुन्हा आखडला होता. आई सकाळी उठून बसायची, चप्पल घालायची आणि फाटकाकडे बघत राहायची. मग एक दिवस तिने चप्पल घालणं बंद केलं. बायको म्हणाली, "आई, घरातल्या घरात तरी..." आई म्हणाली, "नको गं. लाइन बंद आहे." मला इतका संताप आला, की मी मोरीत जाऊन बादलीला लाथ मारली. पायाला लागलं ते वेगळंच.

त्याच आठवड्यात खुद्द उमेदवार, म्हणजे आमचे आमदार, गल्लीत आले. ढोल, माणसं, फुलं. आमच्या घरासमोर चराच्या पलीकडे उभे राहून त्यांनी हात जोडले, अगदी पाटीवर जोडले होते तसे. आई दारात खुर्चीवर होती.

"माताजी, आशीर्वाद असू द्या."

"इकडे या," आई म्हणाली.

त्यांनी चराकडे पाहिलं. "वेळ जरा कमी आहे."

"राजीनामा का दिलात?"

"जनतेच्या इच्छेनुसार, माताजी."

"मी इथेच असते. मला कोणी विचारलं नाही."

लोक हसले, तेही हसले. फुलाची एक पाकळी चरावरून भिरकावली गेली आणि मिरवणूक पुढे गेली.   आईने आधार न घेता उठायचा प्रयत्न केला, तिला ते जमलं नाही, मग वॉकर धरून ती आत गेली.

मतदानाच्या सकाळी फाटकाशी खडखडाट झाला. बाहेर गणवेशातली चार माणसं, एक चाकाची खुर्ची आणि एक उतार. पत्र्याचा, घडीचा, दोन्ही बाजूंना कठडे, पायाखाली न घसरणारी रबरी पट्टी. बघता बघता त्यांनी तो चरावर अंथरला. ओव्हरसियर धावत आले, वाकून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही दुरुस्ती सुचवली नाही.

"अशक्त मतदारांसाठी सोय आहे," त्यांच्यातली प्रमुख बाई म्हणाली. "आजींना न्यायला आलोय."

"हे आचारसंहितेत चालतं?"

"चालतं ना. मतदारासाठी."

"आईसाठी मी इतके दिवस भांडतोय."

"आई म्हणून नाही हो चालत," ती समजुतीने म्हणाली. "मतदार म्हणून."

आईने चप्पल मागितली. चाकाच्या खुर्चीकडे तिने बघितलंही नाही. वॉकर घेऊन ती उतारावरून हळूहळू पलीकडे गेली. पाय थरथरत होता. रस्त्यावर उभी राहून तिने विचारलं, "मतदान कधीपर्यंत?"

"संध्याकाळपर्यंत, आजी."

"मग घाई काय?" असं म्हणून ती शिंप्याच्या दुकानाकडे चालू लागली.

त्या दिवशी आई दिवसभर चालली. शिंप्याच्या दुकानापर्यंत जायची, तिथल्या बाकावर बसायची, परत यायची, जेवायला घरात, जेवून पुन्हा बाहेर. उताराची माणसं ताटकळली. आजींचं मत पडल्याशिवाय उतार उचलायचा नाही, असा त्यांना हुकूम होता. बाई दर तासाला विनवायची, "आजी, चला ना आता." आई म्हणायची, "अजून विचार करतेय." चाकाच्या खुर्चीत शेवटी त्यांच्यातलाच एक जण बसून झोपला. आईचा चेहरा लाल झाला होता, केस सुटले होते, आणि दुपारनंतर पाय थरथरायचा थांबला. मी रजा टाकून तिच्या मागे मागे फिरत होतो. इतक्या दिवसांनी मला कोणाचा राग येत नव्हता.

मतदान संपायला थोडा वेळ उरला तेव्हा ती कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत गेली, आपल्या पायांनी. रांगेतल्या लोकांनी तिला पुढे घेतलं. बाहेर आली तेव्हा बायकोने विचारलं, "कोणाला दिलं?" आई म्हणाली, "ते सांगायचं नसतं." आम्ही तिघं हसत हसत घराकडे आलो.

उतार नव्हता. आईचं मत पडल्याचा फोन जाताच त्यांनी तो घडी करून गाडीत टाकला होता आणि गाडी गेली होती. चर होता, चराच्या पलीकडे आमचं फाटक होतं, आणि आई अलीकडे उभी होती, दिवसभर चालून थकलेली, वॉकर घट्ट धरून. मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी चराच्या कडेला उभा राहून ज्या शिव्या दिल्या त्या खुलाशातल्या सगळ्या होत्या आणि शिवाय काही नव्या. गॅलऱ्या भरल्या. शिकवणीवाल्या बाईंनी मुलांना आत नेलं.

"पुरे," आई म्हणाली. "शिंप्याची खुर्ची आण."

आणली. "इथे नाही. मध्ये ठेव." गल्लीच्या बरोबर मधोमध ती बसली, वॉकर समोर आडवा. शाळेतून मतयंत्रांच्या पेट्या घेऊन निघालेली गाडी याच गल्लीतून जायची होती, कारण शाळेच्या पलीकडचा रस्ता त्याच पाइपलाइनसाठी खणलेला. गाडी आली आणि थांबली. मागे दुसरी थांबली. भोंगे वाजले. मग भरारी पथक आलं, तेच प्रमुख, तोच कॅमेरा.

"आईंना उठवा," ते मला म्हणाले. "मतयंत्रं अडवणं फार गंभीर आहे."

"तुम्ही उठवा," मी म्हणालो.

ते आईपुढे वाकले. "आजी, वाट द्या."

"मी घरीच निघालेय," आई म्हणाली. "वाट तुमच्याकडे आहे."

त्यांनी आईकडे पाहिलं, चराकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. अंधार पडत होता, पेट्या मुक्कामाला पोचायच्या होत्या. शाळेतच ड्यूटीवर असलेले नगरपालिकेचे इंजिनियर बोलावले गेले. ते बिचारे धावत आले आणि सवयीने म्हणाले, "आचारसंहिता..."

"हे विकासकाम नाही," पथकप्रमुख दात खाऊन म्हणाले. "हा अडथळा आहे. काढा."

"मातीचं मोजमाप..."

"काढा म्हणतो ना."

पेट्यांच्या गाडीतलेच दोन हमाल उतरले. शिंप्याकडून एक फावडं आलं, दुसरं माझं होतं. कडेचा ढीग त्यांनी चरात लोटला, फावड्याने थोपटून दाबला, ओव्हरसियरांनी दोन ठिकाणी अजून टाका म्हणून सांगितलं, ते टाकलं. समोर शिंप्याने या गोंधळात चहा ठेवला होता. तो उकळून गाळायच्या आत जमीन सपाट झाली होती.

सगळे आता आईकडे बघत होते. ती आभार मानेल, आशीर्वाद देईल असं त्यांना वाटलं असावं. इंजिनियर तर किंचित वाकून उभे होते. आई खुर्चीवरून उठली. वॉकर घेऊन त्या ताज्या मातीपाशी आली आणि थांबली. वॉकरचा पाय तिने मातीत दाबून पाहिला. मग इंजिनियरांकडे पाहून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "एवढंच होतं?"

 आई माती ओलांडून आत गेली.